दोन कळांचा ‘आ’

संगणकावर ‘आज’ हा शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो आणि डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. एकात ‘आ’ हे सबंध अक्षर असतं. दुसऱ्यात आधी ‘अ’ आणि मग त्याला वेगळा जोडलेला काना. संगणकावरील लिप्यांचं प्रमाण ठरवणाऱ्या युनिकोडच्या मते पहिलं बरोबर. दुसरी जोडी वापरू नका, असं त्या प्रमाणात स्पष्ट छापलेलं आहे. तरीही गावाचं, शाळेचं किंवा देवस्थानाचं संकेतस्थळ हौसेने, पदरमोड करून चालवणाऱ्यांच्या पानांवर हा जोडलेला ‘आ’ वारंवार भेटतो. अशा पानावर ‘आषाढी’ शोधायला जावं, तर शब्द समोर दिसत असूनही सापडत नाही.

या ‘आ’चा माग काढला की वाट इंजिनिअरिंग कॉलेजात जात नाही. ती वाशिमसारख्या गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या बाकड्यापाशी जाऊन थांबते.

मधले टप्पे सर्वांच्या परिचयाचे आहेत. टिम बर्नर्स-ली यांचं पहिलं संकेतस्थळ 1991 चं, व्हीएसएनएलने भारतात इंटरनेट खुलं केलं ते 15 ऑगस्ट 1995 ला, आणि अकोल्यातून वाशिम वेगळा जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. यातली शेवटची तारीख इथे सर्वांत कामाची. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, कचेरी म्हणजे लिपिक-टंकलेखक, आणि त्या पदाची अट म्हणजे मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द. दहावी-बारावीनंतर टायपिंगला जाणं हे वऱ्हाडातल्या कित्येक मुलामुलींचं पहिलं यंत्रशिक्षण होतं.

त्या यंत्राकडे, म्हणजे मराठी टाइपरायटरकडे, जरा निरखून पाहायला हवं. कळा मोजक्या आणि देवनागरी अक्षरं पुष्कळ, म्हणून अक्षरं फोडावी लागली. ‘आ’ला स्वतंत्र कळ नाही: ‘अ’ मारा, मग काना. ‘ओ’ हवा तर त्यावर मात्रा. ‘ई’ म्हणजे ‘इ’ आणि वर रफार. ‘श’सुद्धा सबंध नाही, अर्धा श् आणि काना मिळून तो होतो. रेमिंग्टन मांडणीत ‘वाशिम’ लिहायचं तर सहा ठोके: व, काना, पहिली वेलांटी, अर्धा श्, पुन्हा काना, म. वेलांटी ‘श’च्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी येते. उच्चाराशी यंत्राला काही देणंघेणं नव्हतं.

पुढे टाइपरायटरच्या जागी संगणक आला, तरी बोटांना नवं काही शिकावं लागलं नाही. कृती देवसारख्या फॉण्टने हीच मांडणी उचलली. पडद्यावर ‘वाशिम’ दिसे, पण फाइलच्या पोटात असत रोमन ओ, के, एफ, एक अवतरणचिन्ह, पुन्हा के आणि ई. फॉण्ट नसलेल्या संगणकावर तीच अगम्य चिन्हं उमटत. म्हणून त्या काळच्या मराठी पानांवर ‘आधी फॉण्ट उतरवून घ्या’ अशी विनवणी असे, किंवा अख्खा मजकूर कोरल ड्रॉमध्ये सजवून चित्र म्हणून डकवलेला असे.

हा कोरल ड्रॉ फार बोलका आहे. टायपिंग शिकलेल्या हातांना डीटीपीच्या दुकानात काम मिळे, ते लग्नपत्रिका, हँडबिलं आणि अहवालांचं. हौशी मराठी संकेतस्थळाचा जुना थाट आठवा: डोक्यावर ॥ श्री ॥, सारा मजकूर मध्यभागी, भोवती वेलबुट्टीची चौकट, वर ‘सहर्ष स्वागत’ म्हणत सरकणारी पट्टी. सरकणारी पट्टी सोडली तर ही सरळसरळ पत्रिका आहे. पत्रिका तयार करणाऱ्यालाच गावाने ‘आपली वेबसाइट पण करून दे’ म्हटलं असणार, आणि गावाच्या कामाचे पैसे कसे मागायचे?

या वंशावळीवर हरकती आहेत. पहिली, मराठी वेबचे मूळपुरुष परदेशातले इंजिनिअर. अविनाश चोपडे यांची रोमन लिपीतून देवनागरी उमटवणारी आयट्रान्स पद्धत 1991 ची आणि ‘मायबोली’ हे संकेतस्थळ 1996 चं. ते घराणं जुनं, मान्य. पण उच्चाराप्रमाणे रोमन टंकणाऱ्याने दोनदा ‘ए’ दाबला की सबंध ‘आ’च उमटतो. जोडलेला ‘आ’ या घराण्यात जन्मूच शकत नाही. दुसरी हरकत सरकारी इनस्क्रिप्ट कीबोर्डची: हा ‘आ’ त्यातूनच आला असेल. तिथे ‘आ’ शिफ्टसह एका ठोक्यात येतो. ‘अ’ आणि काना वेगळे मारायला जास्त कष्ट पडतात. आळशी माणूस असं करणार नाही, यंत्रावर घोटून घेतलेला करेल. 2001 पासूनच्या एमएस-सीआयटीने घरोघर संगणक-साक्षर तयार केले खरे, पण तिथे गेलेल्यांपैकी पुष्कळांची बोटं आधीच घडलेली होती.

खरा पेच तिसऱ्या हरकतीचा. हा ‘आ’ बोटांनी नाही, जुना फॉण्ट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरने घडवला, असं म्हणता येतं. पुरावाही आहे, तो म्हणजे ‘मुंबर्इ’. रफार दिसला की कन्व्हर्टर त्याला आधीच्या अक्षराच्याही आधी नेतो. ‘ई’मधला रफार हा दिसण्यापुरता आहे, हे त्याला कळत नाही. ‘मुंबर्इ’ बहुतेक ठिकाणी कन्व्हर्टरच्या खात्यावर टाकायला हरकत नाही. पण कन्व्हर्टरला हे फॉण्टकडून आलं आणि फॉण्टला टाइपरायटरकडून. आडनाव बदललं, गोत्र तेच.

एक देखणी हरकत कारंज्याची. याच जिल्ह्यातल्या कारंज्याचे जैन ग्रंथभांडार हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध. कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश काव्यांच्या संपादित आवृत्त्या निघाल्या. पोथी उतरवणारा लेखनिकही ‘अ’ काढून मगच काना ओढत असे, मग मूळपुरुष तोच का नाही? मोह पडावा असं आहे, आणि टाइपरायटर हाताच्याच वळणावर बेतला हेही खरं. पण पाटीवर अक्षरं गिरवून मोठा झालेला आणि नंतर रोमनमधून टंकणारा माणूसही ‘अ’ला काना देतच शिकलेला असतो, तरी त्याच्या पानावर ही खूण उमटत नाही. मध्ये यंत्र हवंच.

आता विंडोज 2000 पासून आलेला युनिकोडचा मंगल फॉण्टही जुना झाला, आणि शाळेचं पान सांभाळणारे तंत्रस्नेही गुरुजी मोबाइलवर उच्चाराप्रमाणे टंकतात. त्यांच्या हातून नवा दोन कळांचा ‘आ’ जन्मत नाही. पण जुना अहवाल नव्या पानावर चिकटवला की तो सोबत येतो. ‘शोधा आणि बदला’मध्ये वरच्या चौकटीत अ आणि काना, खालच्या चौकटीत सबंध आ टाकून सगळे एकदम बदलता येतात. तोच उपाय ‘र्इ’लाही चालतो.