हौशी फुटबॉल आणि कामगाराची सुटी



हौसेला मोल नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. लग्नकार्यात कोणी खर्चाचा हिशेब विचारला की ही म्हण त्याच्या तोंडावर फेकतात. मी कामगार संघटनेचे काम करणारा माणूस. मला प्रत्येक गोष्टीचे मोल विचारण्याची खोड आहे. आजचा विषय मी निवडला तो याच खोडीमुळे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी या नगर शहरात फुटबॉल खेळत होतो. २०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले, पण त्या आठवणी माझ्या तोंडून नगर म्हणूनच निघतात, त्याबद्दल श्रोत्यांनी राग मानू नये. खेळण्याचे आम्हांला पैसे मिळत नसत. उलट वर्गणी द्यावी लागे. म्हणजे आम्ही अस्सल हौशी खेळाडू होतो. परंतु त्या हौसेचे मोल आम्ही देत होतो, आणि ते पैशात थोडे व वेळेत फार होते. हा वेळ कामगाराला कोठून मिळाला, कोणी मिळवून दिला आणि तो हातचा कसा जातो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

फुटबॉलचे नियम बांधणारी संस्था लंडनमध्ये १८६३ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक शिकलेले, सुखवस्तू लोक होते. परंतु खेळ वाढला तो गिरण्यांच्या आणि भट्ट्यांच्या गावांत, आणि त्याला कारण एक कायदा आहे. १८५० च्या इंग्लंडमधील कारखाने कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबविले. ते थांबले की गिरणीही थांबू लागली. दोन वाजता सुटलेला कामगार हातपाय धुऊन तीन वाजता मैदानावर पोहोचू शकतो. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी तीन वाजता सुरू होण्याची जी परंपरा पडली, तिचे मूळ गिरणीच्या भोंग्यात आहे. आज जगभर ज्यांचा गाजावाजा होतो त्या संघांचे कूळ पाहा. मँचेस्टर युनायटेड हा १८७८ साली रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कामगारांनी काढलेला संघ. आर्सेनल हा १८८६ साली तोफांच्या कारखान्यातील कामगारांनी काढलेला.

वरच्या वर्गाला हे सहजासहजी पचले नाही. १८६६ साली लंडनमधील एका प्रतिष्ठित क्रीडासंस्थेने ‘हौशी’ खेळाडूची व्याख्या केली. तिच्यात कारागीर, यंत्रकामगार व मजूर यांना हौशी मानावयाचे नाही असे कलमच होते. म्हणजे हातांनी काम करणाऱ्याला हौस नसते, असा नियम झाला. फुटबॉलमध्ये या समजुतीला पहिला मोठा धक्का १८८३ साली बसला. त्या वर्षीच्या इंग्लंडच्या चषकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न गावच्या संघाने ईटन या उमरावांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना २-१ असे हरविले. विजयी संघात विणकर होते, लोखंडकाम करणारे होते, नळकाम करणारा होता. त्यांनी सामन्यापूर्वी काही दिवस कामावरून सुटून सराव केला म्हणून कुरकुर झाली. जणू ज्यांना बारा महिने सुटी, त्यांचा सराव हा सराव नव्हताच! दोनच वर्षांनी, १८८५ साली, खेळाडूला मेहनताना देण्यास इंग्लंडमध्ये अधिकृत मान्यता मिळाली.

आता आपल्या देशाकडे वळू. सिमल्याला ड्युरँड चषक १८८८ साली सुरू झाला आणि मुंबईला रोव्हर्स चषक १८९१ साली. क्रीडेच्या इतिहासात ही दोन वर्षे आवर्जून दिलेली असतात. या दोन वर्षांच्या मधोमध आणखी एक तारीख आहे, ती खेळाच्या पुस्तकांत सापडत नाही: १० जून १८९०. त्या दिवशी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने कामगारांना आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी देण्याचे मान्य केले. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची सहा वर्षांची खटपट होती. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी परळला कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या चौकशी मंडळापुढे ठेवला. मागण्या कोणत्या? रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. सूर्यास्तानंतर घरी जाऊ द्या, ही सुद्धा तेव्हा मागणी होती! १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. रविवार हा आपल्याकडे खंडोबाचा वार. ज्याला त्याला तो आपला वाटला.

रोव्हर्स चषकाचे सुरुवातीचे मानकरी गोऱ्या पलटणींचे संघ होते, त्यात गिरणीकामगार नव्हता. तरीही मी या दोन घटना शेजारी ठेवतो. कारण पलटणीने चेंडू आणला असेल. तो खेळावयाचा दिवस लोखंड्यांनी आणला. खेळणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही दिवस लागतो. मोहन बागानच्या संघाने कलकत्त्यास ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ ने हरविले, आणि अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले, ही कथा आपण ऐकलेली आहे. तो दिवस २९ जुलै १९११, वार शनिवार. आसपासच्या गावांतून आगगाड्यांनी आणि बोटींनी लोक लोटले. तोच सामना मंगळवारी असता तर किती कारकुनांना आणि कामगारांना तो पाहता आला असता?

हिंदुस्थानात फुटबॉल मुख्यत्वे दोन दारांनी आला: एक छावणीचे, दुसरे मिशनच्या शाळांचे. आपल्या नगरला ही दोन्ही दारे होती. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने किल्ला घेतला आणि पुढे इंग्रजी अमलात येथे पलटणी राहिल्या. स्वातंत्र्यानंतर, १९४८ पासून, रणगाडा दलाचे केंद्रही येथेच आले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली येथे ठाणे घातले. मिशनच्या शाळांतून हा खेळ रुजताना काय घडे, याचे एक उदाहरण काश्मीरचे आहे. टिंडेल-बिस्को नावाच्या पाद्री हेडमास्तरांनी १८९१ साली श्रीनगरच्या शाळेत चेंडू आणला, तेव्हा तो चामड्याचा आहे म्हणून ब्राह्मण मुले त्याला पाय लावीनात. मास्तरांनी दम देऊन खेळविले. चामडे कमावणारे आणि शिवणारे हात ज्यांनी दूर ठेवले, त्यांच्या मुलांनाही शेवटी त्या चेंडूमागे धावावे लागले. आमच्या वेळी हा प्रश्न उरला नव्हता. चेंडूची शिवण उसवली की तो घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या चांभारदादांकडे जात असू, आणि सामन्याच्या दिवशी तेच रेषेवर उभे राहून सर्वांत मोठ्याने ओरडत.

आमचा संघ गल्लीचा होता. मी डावा हाफ. सेंटर फॉरवर्ड बाजार समितीत हमाली करी, गोली छापखान्यात खिळे जुळवी. एक जण एस.टी.च्या कार्यशाळेत, दोन कॉलेजात, चार औद्योगिक वसाहतीत, एक किराणा दुकानात. छावणीच्या कडेच्या मुरमाड मैदानावर आम्ही खेळत असू. पडले की गुडघ्याचे सालपट निघे. सामन्याच्या दिवशी पहाटे जाऊन फक्की मारावयाची, बांबूचे खांब रोवावयाचे आणि वर आडवी सुतळी बांधावयाची. चेंडू सुतळीच्या वरून गेला की खालून, यावर अर्धा तास भांडण ठरलेले. अकरांत स्टडचे बूट सात जोड. ज्याला नसत तो घोट्याला पट्टी बांधून उतरे. लष्कराच्या जवानांबरोबर सराव-सामना मिळाला तर आम्ही आठवडाभर त्याच्याच गोष्टी करीत असू. बहुधा हरत असू. पण सामना झाल्यावर ते आम्हांला आपल्या मगांतून चहा पाजीत, आणि आमच्या हमाल मित्राच्या खांद्याचे कौतुक करीत.

आता वेळेचा हिशेब. हमालाची सुटी बाजाराच्या वाराप्रमाणे. किराणा दुकान सोमवारी बंद. कॉलेज रविवारी बंद. वसाहतीतले आम्ही चौघे तीन कारखान्यांत होतो आणि कोणाचीच साप्ताहिक सुटी रविवारी नव्हती. शिवाय पाळी दर आठवड्याला फिरे: या आठवड्यात पहिली, पुढच्यात दुसरी, मग रात्रपाळी. कायद्याने प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस सुटी होती आणि ती मिळतही होती. तरीसुद्धा अकरा जण एका वेळी मैदानावर कधी नसत.

१९९३ च्या पावसाळ्यानंतर एका स्थानिक स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत पोहोचलो. सामना रविवारी चारला. आमच्यापैकी तिघांची दुसरी पाळी होती. बदली द्यावयास दुसरे तिघे तयार होते. तसा अर्ज आम्ही दोन दिवस आधी दिला. पर्यवेक्षकाने तो वाचला, घडी घातली आणि परत केला. त्याच दिवशी हमाल मित्राला कांद्याच्या गाड्या उतरविण्यास थांबवून घेतले, आणि छापखान्यात निवडणुकीचे काम निघाले. चार वाजता मैदानावर आम्ही सहा जण होतो. सातापेक्षा कमी खेळाडू असले तर सामना होत नाही. पंचाने घड्याळाकडे पाहिले, आणखी पंधरा मिनिटे थांबला, आणि मग समोरच्या संघाला विजयी ठरविले. तो संघ आमच्याशी हात मिळवून गेला. आम्ही बांबू उपटले. ज्यांचा अर्ज परत आला होता त्यांत मी होतो. सामना मी पाहिला नाही. रात्री साडेबाराला सुटल्यावर गोलीच्या दारात बसून ऐकला.

सुटी प्रत्येकाला निराळी दिली तर तिच्यात झोप होते, दळण आणणे होते. संघ होत नाही. भजनी मंडळ होत नाही, नाटक होत नाही, आणि कामगारांची सभाही होत नाही. हे मालकांच्याच राज्यात घडते असे नव्हे. सोव्हिएत रशियाने १९२९ साली यंत्रे अखंड चालावीत म्हणून पाच दिवसांचा आठवडा केला आणि कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येक गटाला वेगळ्या दिवशी सुटी दिली. हिशेबाने सुटी वाढली होती. सातातून एकाऐवजी पाचातून एक. परंतु नवऱ्याची सुटी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या दिवशी, मित्राची तिसऱ्या दिवशी. लोक कंटाळले, यंत्रेही बिघडू लागली. १९३१ पासून ती पद्धत मागे घेतली गेली आणि १९४० साली रविवार परत आला. कामगारांच्या नावाने चाललेल्या राज्यालाही जे साधले नाही, ते कारखान्याच्या एका वेळापत्रकाला कसे साधेल?

या हिशेबात आणखी एक नाव घातल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माझे पहिले बूट माझ्या आईने विड्या वळून घेऊन दिले. विडीची मजुरी हजारावर असते. सूप मांडीवर घेतले की वार कोणताही असो, हजार पुरे व्हावे लागतात. तिला रविवार नव्हता. मी खेळून आलो की माझ्या कपड्यांचा चिखलही तीच धूत असे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील प्रेस्टन गावच्या कारखान्यातल्या मुलींनी फुटबॉलचा संघ काढला. १९२० च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलला त्यांचा सामना पाहण्यास ५३,००० लोक आले. पुढच्याच वर्षी तेथील फुटबॉल संस्थेने स्त्रियांना आपल्या संघांची मैदाने बंद केली, आणि ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. तेथे मैदान काढून घ्यावे लागले. आमच्या घरी वेळच नव्हता, म्हणून बंदी घालण्याची गरज पडली नाही.

कोणी म्हणेल, खेळाडूंना नोकऱ्या द्या म्हणजे झाले. ही वाट आपण चालून पाहिली आहे. हैदराबादच्या पोलिस संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईत टाटा, मफतलाल, रेल्वे, बंदर असे नोकरीवर उभे असलेले संघ होते. त्यांनी कितीतरी गरीब मुलांना पगार दिला, याबद्दल मी त्यांना नमस्कारच करीन. परंतु कचेरीचे मन फिरले की संघ बंद. महिंद्राच्या संघाने २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली तो विसर्जित झाला. याउलट कोल्हापूर पाहा. तेथे छत्रपतींचा आश्रय होता हे खरे, पण संघ पेठांचे आणि तालमींचे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाळ, दिलबहार ही नावे कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून नाहीत. गल्लीने धरलेला खेळ गल्ली सोडत नाही, मात्र गल्लीला एकत्र यावयास सवड हवी.

आज शहराशहरांत कृत्रिम हिरवळीची मैदाने झाली आहेत. तासाचे भाडे भरावयाचे आणि रात्री दिव्यांच्या उजेडात खेळावयाचे. कंत्राटी काम करणारी मुले रात्री दहा-अकराला तेथे येतात, कारण त्यांना दुसरी वेळच नाही. मी त्यांना नावे ठेवीत नाही. माझ्या वेळी असते तर मीही गेलो असतो. पण ज्याला भाडे परवडत नाही आणि ज्याची पाळी अकराला सुरू होते, तो मुलगा कोठे खेळतो, हे या सभागृहातील प्रत्येक कारखानदाराने व नगरसेवकाने एकदा जाऊन पाहावे.

माझ्या हातात जे होते ते मी केले. आमच्या संघटनेच्या मागणीपत्रात पगारवाढ, भत्ता, गणवेश यांच्याखाली एक लहान कलम गेली अनेक वर्षे असते: दोन कामगारांनी परस्परसंमतीने पाळी बदलून मागितली तर ती द्यावी, आणि कारण विचारू नये. वाटाघाटीत समोरचे अधिकारी या कलमाला हसतात आणि बहुधा तेच पहिले मान्य करतात, कारण त्याला पैसा पडत नाही. दोन कारखान्यांच्या करारांत ते आज छापलेले आहे. तेथील मुले आता सामन्याला अकराच्या अकरा जातात. मागच्या हंगामात पहिल्याच फेरीत ती हरली, आणि तरीही सोमवारी पाळीवर हसत आली.