नेब्रास्का सिटीचा वृक्षदिन

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, मिसूरी नदीच्या पश्चिम तीरावर, नेब्रास्का सिटी नावाचे एक लहानसे शहर आहे. त्याची लोकवस्ती सुमारे सात हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या ठिकाणास कोणी शहर म्हणणार नाही, बाजारपेठेचे गाव म्हणेल. ते राज्याच्या राजधानीचे ठिकाण नव्हे, की एखाद्या मोठ्या लढाईचे रणक्षेत्रही नव्हे. तथापि अनेक देशांतील शाळकरी मुले वर्षातून एक दिवस हाती रोपे घेऊन मैदानात जमतात, त्या प्रघाताचा उगम शोधीत गेले असता बहुधा ह्याच शहरापाशी येऊन थांबावे लागते. झाडे लावण्याचा सार्वजनिक उत्सव येथे कसा सुरू झाला आणि त्यातले काय टिकले व काय वाया गेले, ही हकीकत समजून घेण्याजोगी आहे.

१८५४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून नेब्रास्काचा मुलूख वसाहतीसाठी खुला केला. त्याच वर्षी ओटो व मिसूरिया ह्या मूळच्या जमातींकडून मिसूरीकाठची जमीन तहाने लिहून घेण्यात आली आणि नदीच्या उतारावर नेब्रास्का सिटीची उभारणी सुरू झाली. पूर्वेकडून आगबोटींनी माल यावा आणि येथून बैलांच्या तांड्यांनी तो पश्चिमेकडे जावा, हा ह्या शहराचा पहिला व्यवसाय. नदी सोडून पश्चिमेस काही मैल गेले की मात्र नवागताची छाती दडपून जात असे. दृष्टी पोहोचेल तेथवर गवत. वणवे, तुटपुंजा पाऊस आणि बायसनांचे चरणारे कळप ह्यांमुळे त्या मैदानात वृक्षांस थारा नव्हता. जी काही झाडी होती ती ओढ्यानाल्यांच्या काठाला. ती आगबोटींच्या भट्ट्यांनी आणि घरबांधणीने पाहता पाहता संपविली.

लाकडावाचून संसार म्हणजे काय, हे त्या वसाहतवाल्यांस लौकरच कळून आले. घराला तुळई नाही, कुंपणाला मेख नाही, चुलीला सरपण नाही. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली माती नांगराने कापून तिच्या विटा करावयाच्या आणि त्या रचून घर उभारावयाचे. थंडीत मक्याची बुरकुंडे, वाळले गवत अथवा बायसनांचे वाळलेले शेण जाळावयाचे, असा तेथील क्रम होता. झाडाची आवश्यकता त्या लोकांस काव्यातून शिकावी लागली नाही. ती त्यांना उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याने शिकविली.

ह्या गावात १८५५ साली एक तरुण जोडपे येऊन राहिले. ज्युलियस स्टर्लिंग मॉर्टन आणि त्यांच्या पत्नी कॅरोलाइन. मॉर्टन ह्यांचा जन्म १८३२ सालचा, न्यूयॉर्क राज्यातला. बाळपण गेले मिशिगनच्या घनदाट झाडीत. नेब्रास्का सिटीत ते वर्तमानपत्राचे संपादक झाले. राजकारणात त्यांनी पुष्कळ धडपड केली. राज्यपालपदाच्या निवडणुका अनेकदा लढविल्या आणि त्या सर्व हरल्या. गुलामगिरीच्या प्रश्नावर त्यांनी उचलून धरलेली बाजू आज कोणासही पटणार नाही. परंतु ह्या गृहस्थांचा एक छंद मात्र लोकोपयोगी ठरला. गावाबाहेरच्या एकशेसाठ एकर उघड्या माळावर त्यांनी घर बांधले आणि उभयतांनी त्याभोवती झाडे लावण्यास आरंभ केला. सफरचंदाची बाग उठली, सावलीचे वृक्ष वाढले. कोणते झाड त्या मातीत तग धरते आणि कोणते धरीत नाही, हे मॉर्टन आपल्या वर्तमानपत्रातून व व्याख्यानांतून शेतकऱ्यांस सांगत राहिले.

४ जानेवारी १८७२ रोजी राज्याच्या शेतकी मंडळाच्या सभेत मॉर्टन ह्यांनी एक ठराव मांडला. येत्या १० एप्रिलचा दिवस राज्यभर केवळ झाडे लावण्यासाठी राखून ठेवावा, असा त्याचा आशय होता. ह्या दिवसास नाव काय द्यावे ह्यावर थोडा वाद झाला. काहींनी अरण्यवाचक नाव सुचविले. मॉर्टन म्हणाले की, त्या नावात रानची झाडेच तेवढी येतील, परसातली फळझाडे बाहेर राहतील. म्हणून लॅटिन भाषेत सर्व वृक्षांस लागू पडणारा ‘आर्बर’ हा शब्द घेऊन ‘आर्बर डे’ हे नाव मुक्रर झाले. ज्या जिल्ह्याची शेतकी संस्था सर्वांत अधिक झाडे रीतसर लावील तिला १०० डॉलर, आणि जी व्यक्ती सर्वांत अधिक लावील तिला २५ डॉलर किमतीची शेतीविषयक पुस्तके, अशी बक्षिसे जाहीर झाली. बक्षीस म्हणून ग्रंथ द्यावेत, ही कल्पना त्या काळच्या सुशिक्षित वसाहतवाल्यांच्या स्वभावास साजेशीच होती.

१० एप्रिल १८७२ रोजी हा पहिला वृक्षदिन पार पडला. त्या एका दिवसात नेब्रास्का राज्यात दहा लाखांहून अधिक झाडे लागली, असा अंदाज त्या वेळी सांगण्यात आला आणि पुढे तोच सर्वत्र रूढ झाला. ह्यात एक मौजेची गोष्ट अशी की, खुद्द मॉर्टन ह्यांनी आपल्या शेतासाठी मागविलेली आठशे झाडे त्या दिवशी येऊन पोहोचलीच नव्हती. उत्सवाच्या जनकाला उत्सवाच्या दिवशी स्वस्थ बसावे लागले! ती झाडे मागाहून आली आणि मागाहून लागली. झाडाला मुहूर्ताचे महत्त्व फारसे नसते, हे ह्या लहानशा प्रसंगाने सहज दाखवून दिले.

दहा लाख हा आकडा मोठा खराच. परंतु तो लावलेल्या झाडांचा आहे, जगलेल्या झाडांचा नव्हे. ह्या दोन आकड्यांमधील अंतर किती असू शकते, ह्याचा अनुभव त्या प्रदेशाला लगेच पुढच्या वर्षापासून येऊ लागला. मार्च १८७३ मध्ये नेब्रास्काचेच सिनेटर फिनियस हिचकॉक ह्यांच्या पुढाकाराने वृक्षसंवर्धनाचा कायदा संमत झाला. जो कोणी चाळीस एकरांत झाडे लावून ती ठरावीक वर्षे सांभाळील त्यास एकशेसाठ एकर सरकारी जमीन मिळेल, अशी त्यातील तरतूद होती. पुढे १८७८ साली चाळीस एकरांची अट दहा एकरांवर आणण्यात आली. हेतू उत्तम होता. परिणाम विपरीत झाला. पुष्कळांचे लक्ष झाडावर नसून जमिनीवर होते. नावापुरती रोपे खोचावयाची, हक्क नोंदवावयाचा आणि वेळ येताच तो दुसऱ्यास विकावयाचा, असा व्यापारच सुरू झाला. ज्यांनी प्रामाणिकपणे झाडे लावली त्यांतील कित्येकांची रोपे अवर्षणाने करपली. अखेर १८९१ साली सरकारने तो कायदा रद्द केला.

मग त्याच मातीत, त्याच हवेत, वृक्षदिन कसा टिकला? ह्याचे उत्तर नेब्रास्का सिटीच्या १८८५ सालच्या समारंभात सापडते. त्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाने मॉर्टन ह्यांचा जन्मदिवस, २२ एप्रिल, हाच वृक्षदिन ठरवून त्यास कायद्याने सुटी दिली. सकाळी शहरातील शाळांमधून प्रत्येक इयत्तेची मुले आपापल्या वर्गात जमली आणि प्रत्येक इयत्तेने निदान एक झाड लावले. झाडावर चिठ्ठी बांधली. तिच्यावर इयत्ता आणि लावल्याची वेळ लिहिली. ते झाड त्या इयत्तेने विशेष काळजीने जोपासावयाचे, असे ठरले. त्यानंतर सुमारे हजार मुले रांगेने शहरातील नाट्यगृहाकडे निघाली. दुतर्फा लोकांची दाटी झाली. अकरा वाजण्याच्या सुमारास नाट्यगृह भरून गेले. मिरवणूक, भाषणे, टाळ्या हे सारे उत्सवाला शोभेसे झाले. परंतु त्या दिवसाचे खरे काम मिरवणुकीत झाले नाही. ते त्या चिठ्ठीने केले. झाडाला मालक मिळाला होता, आणि तो मालक दररोज शाळेत येणारा होता.

कनेक्टिकटचे शिक्षणाधिकारी बर्डसी नॉर्थ्रॉप ह्यांनी हीच शाळांची वाट धरून वृक्षदिनाचा प्रसार केला. १८८२ साली सिनसिनाटी शहरात वनसंवर्धनाची मोठी परिषद भरली, तेव्हाही शाळेच्या मुलांकडून झाडे लावून घेण्यात आली. हळूहळू हा दिवस अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत आणि जपानसारख्या दूरच्या देशांतही पोहोचला. मॉर्टन पुढे १८९३ ते १८९७ ह्या काळात अमेरिकेचे कृषिमंत्री झाले आणि १९०२ साली निवर्तले. नेब्रास्काने १८९५ साली ‘वृक्षारोपकांचे राज्य’ हे बिरुद आधीच धारण केले होते.

तथापि निसर्ग बिरुदे मानीत नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरपर्यंत त्या मैदानावरचे गवत नांगरून बेसुमार शेती झाली होती. पुढच्या दशकात लागोपाठ अवर्षणे पडली आणि उघडी माती वाऱ्याबरोबर उडू लागली. दिवसा काळोख करणारी धुळीची वादळे आली. हजारो कुटुंबांस घरेदारे सोडावी लागली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या सरकारने १९३४ साली वाऱ्याला आडकाठी करणाऱ्या वृक्षरांगांची योजना हाती घेतली. उत्तर डकोटापासून टेक्ससपर्यंत, १९४२ सालापर्यंत, सुमारे बावीस कोटी झाडे लागली. येथे रोपे सरकारने दिली, परंतु जमीन शेतकऱ्याची आणि निगराणीही त्याचीच. ज्याच्या घरात धूळ शिरत होती त्यानेच झाड जगवावयाचे होते. म्हणून ह्या रांगांतील पुष्कळ झाडे जगली.

ह्या इतिहासाला आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्यावाचून हकीकत पुरी होत नाही. गवताळ मैदान म्हणजे ओसाड जागा, हा मॉर्टन ह्यांच्या पिढीचा समज होता. आज वनस्पतिशास्त्र सांगते की, ते गवत ही एक स्वतंत्र, समृद्ध सृष्टी होती. तिची मुळे जमिनीत खोलवर जाऊन माती व पाणी धरून ठेवीत. वारा अडविण्यासाठी लावलेला पूर्वेकडील लाल देवदार, वणवे थांबल्यावर, आता नेब्रास्काच्या उरलेल्या कुरणांवर आपणहून पसरत आहे आणि तो तोडण्यासाठी पशुपालकांस श्रम व पैसा खर्चावा लागत आहे. झाड लावणे नेहमीच पुण्यकारक असते असे नाही. कोठे लावावयाचे आणि कोठे नाही, हेही लावणाऱ्याने शिकावे लागते.

नेब्रास्का सिटीने आपला वारसा मात्र सोडला नाही. मॉर्टन ह्यांचे घर व भोवतालची वृक्षराजी त्यांच्या मुलाने १९२३ साली राज्याच्या स्वाधीन केली. आज ते सार्वजनिक उद्यान आहे. १९७२ साली, वृक्षदिनाच्या शताब्दीच्या वर्षी, त्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या शहराजवळील शेतावर फळबागा आहेत, हेझलनटच्या जातींवर प्रयोग चालतात, आणि तेथील अतिथिगृहास लागणारी ऊब लाकडाच्या तुकड्यांवर चालणाऱ्या भट्टीतून मिळते. एप्रिलच्या अखेरीस वृक्षदिनाचा उत्सव आणि सप्टेंबरात सफरचंदांच्या हंगामाचा उत्सव, हे तेथील वर्षाचे दोन मोठे सण होत.

आपल्या देशात ह्याच जातीचा उत्सव १९५० साली, कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी ह्यांच्या पुढाकाराने, ‘वनमहोत्सव’ ह्या नावाने राष्ट्रीय स्वरूपात सुरू झाला. आपल्याकडे तो जुलैत येतो, कारण येथे रोपाला पहिले पाणी पावसाचेच मिळावयाचे. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी झाडे लावण्याचे संकल्प सरकारने सोडले. त्यांतील किती झाडे जगली, हा प्रश्न विधिमंडळातही विचारला गेला, आणि तो विचारला जाणे योग्यच होते. कोटींचा आकडा जुलैच्या सरींबरोबर जाहीर होतो. रोपाची परीक्षा मात्र पुढच्या वैशाखात असते, तेव्हा मंडप नसतो, पाहुणे नसतात, आणि हातात कळशी घेऊन येणारा कोणी आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो.

१८८५ सालच्या एप्रिलमधील त्या मिरवणुकीतील भाषणे आज कोणाच्या स्मरणात नाहीत. परंतु एका लहान शहरातील शिक्षकांनी त्या सकाळी झाडावर इयत्तेचे नाव लिहून ते मुलांच्या हवाली केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नगरपालिकेपासून घरच्या अंगणापर्यंत कोणासही ती करता येईल, आणि तिला लागतो तो केवळ एक कागद, एक नाव आणि काही वर्षांचे पाणी.