कृत्रिम अस्थिपूरकांची प्राण्यांवरील परीक्षा

अपघात, अर्बुद किंवा जंतुसंसर्ग यांमुळे हाडात पडलेली पोकळी भरण्यासाठी हायड्रॉक्सिॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, जैवक्रियाशील काच इत्यादी जे पदार्थ योजिले जातात, त्यांची मनुष्यावर उपयोग करण्यापूर्वी प्राण्यांच्या जिवंत अस्थीत घेतली जाणारी कसोटी. रुग्णाच्याच कमरेचे हाड काढून बसविणे हा उपाय आजही श्रेष्ठ गणला जातो; परंतु त्यासाठी दुसरी जखम करावी लागते व हाडही बेताचेच मिळते.

आल्बी व मॉरिसन यांनी 1920 मध्ये कॅल्शियम फॉस्फेटची सशांच्या हाडांत परीक्षा केल्याचे प्रसिद्ध आहे. पुढे 1969 मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी सिद्ध केलेली काच उंदरांच्या मांडीच्या हाडात बसविली असता, सहा आठवड्यांनी ती अस्थीशी इतकी एकजीव झाली होती की, ओढूनही निघेना.

परीक्षेचा खरा कणा म्हणजे आपोआप भरून न येणारे छिद्र. उंदराच्या कवटीत ते सामान्यतः 8 मिलिमीटर व्यासाचे पाडतात. लहान छिद्र निसर्गच बुजवितो आणि त्याचे श्रेय फुकट पदार्थाला जाते. म्हणूनच तुलनेसाठी काही छिद्रे रिकामी ठेवणे अपरिहार्य ठरते. सशाचे हाड माणसाच्या हाडापेक्षा लवकर भरते. सबब भार पेलणाऱ्या हाडासाठी, वजनाने माणसाच्या जवळ जाणारी मेंढी निवडतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनापासून सच्छिद्र अस्थिपूरके तयार करण्याचे संशोधन झाले आहे. अशा प्रयोगांना 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याची व 1998 च्या नियमांची चौकट असून, संस्थेची नोंदणी व नीतिसमितीची मंजुरी यांवाचून ते करता येत नाहीत. प्राण्यांची संख्या आधी गणिताने ठरविणे आणि भूल व वेदनाशामक देणे, ही प्रयोगकर्त्याची किमान जबाबदारी होय.

या ज्ञानाचा लाभ प्राण्यांनाही मिळाला पाहिजे. भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांच्या डोंगरी मुलखात शेळ्यामेंढ्या हे अनेक कुटुंबांचे भांडवल आहे, आणि भोरच्या सीमेलगत, नीरेपलीकडे शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कड्यावरून घसरून पाय मोडलेल्या शेळीच्या उपचारापर्यंत ही विद्या पोहोचविण्याचे काम अशाच संस्थांकडून अपेक्षिता येईल. तसेच संशोधकांनी प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध करावेत. ते दप्तरात पडून राहिले, तर तीच परीक्षा अन्यत्र पुन्हा होते व तितकेच जीव व्यर्थ जातात.