वेढ्यातले खरेदीखत

देवाच्या वचनावर भिस्त ठेवून वाट पाहणारा माणूस हातपाय गाळून बसतो, हे मत सुशिक्षितांत आज जवळजवळ सर्वमान्य आहे. देव उद्या करणारच असेल, तर आज आपण कशाला झटायचे, असा त्यामागचा युक्तिवाद. १८४४ मध्ये मार्क्सने धर्माला अफू म्हटले, त्याचा रोखही याच दिशेने होता. आक्षेप पोकळ नाही. नाडलेल्यांना परलोकाची आशा दाखवून गप्प बसवणारे धर्माधिकारी इतिहासात झाले आहेत. पण त्यावरून आशेचा स्वभावच निष्क्रिय ठरवणे मला साफ अमान्य आहे. यिर्मया संदेष्ट्याचे चरित्र त्याचे उत्तर देते.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि राजासह हजारो यहूद्यांना बाबेलला नेले. काही वर्षांनी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमक्ष जाहीर केले की दोन वर्षांत सारे परत येतील. यिर्मयाने बंदिवानांना पत्र लिहून मुदत सांगितली सत्तर वर्षांची. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांच्या नशिबी परतीचा दिवस नव्हता. ख्रिस्ती घरांतून भिंतीवर लावले जाणारे यिर्मया २९:११ हे आशेचे वचन याच पत्रातले, या मुदतीच्या लगेच पुढचे आहे. आणि त्याच पत्रात आज्ञा आहेत : घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात नेले आहे त्याच्या भल्यासाठी झटा. दोन वर्षांच्या आशेवर माणूस गाठोडे बांधून बसतो. सत्तर वर्षांच्या वचनावर तो झाडे लावतो. आळशी केले असते ते हनन्याच्या भाकिताने.

बंदिवान खरोखर रुजले, याला बायबलबाहेरचा पुरावा आहे. ‘अल-याहुदू’ म्हणजे ‘यहूदाचे नगर’ या बाबेली वस्तीशी निगडित कीलाक्षरी पाट्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. इ.स.पू. ५७२ ते ४७७ या काळातल्या या पाट्यांत यहूदी लोक जमीन कसताना, कर भरताना, कर्जाचे व्यवहार करताना दिसतात.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ही तर साम्राज्यापुढची शरणागती. यिर्मयाच्या काळीही सरदारांनी त्याला फितूर ठरवून चिखलाच्या हौदात टाकले होते. पण शरण जा असे सांगणाऱ्या याच माणसाने, यरुशलेमला पुन्हा वेढा पडला तेव्हा काय केले, ते पाहा. तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. खास्द्यांची, म्हणजे बाबेलची, फौज नगराभोवती होती, शेतजमिनीला कवडीची किंमत नव्हती. अशा वेळी त्याने चुलतभाऊ हानामेल याच्याकडून अनाथोथचे शेत सतरा शेकेल चांदीला, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम चांदी तोलून, विकत घेतले. साक्षीदारांसमोर खत झाले, मोहोर लागली. एक मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती दीर्घकाळ टिकाव्यात म्हणून त्याचा लेखनिक बारूख याच्याकरवी मातीच्या पात्रात ठेवण्यात आल्या. शत्रूच्या हाती जाणाऱ्या भूमीवर आपल्या लोकांचा हक्क असा लेखी नोंदवणे, ही शरणागती कशी म्हणता येईल?

शिवाय ही श्रद्धा आंधळीही नव्हती. खत झाल्यावर यिर्मयाने देवालाच विचारले की वेढ्याचे मोर्चे भिंतीला भिडले असताना मला शेत कशाला घ्यायला लावलेस. शंका त्याच्या मनात होतीच. तिने त्याचे हात मात्र अडवले नाहीत.

इ.स.पू. ५८७-५८६च्या सुमारास नगर पडले. पुढे यिर्मयाला मिसरात नेण्यात आले; ते शेत त्याने कसल्याची नोंद नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणचा राजा कोरेश याने बाबेल जिंकले आणि परतीची वाट मोकळी झाली.

म्हणून अफूचा आरोप करायचा तर तो स्वस्त आणि तातडीच्या आश्वासनांवर करावा, आणि त्यात श्रद्धावंतांनीही साथ द्यावी. वचनावरचा विश्वास खरा की खोटा, हे वाट पाहणारा आज काय करतो यावरून ओळखावे. ज्याचे फळ आपल्या हाती येणार नाही असे कामही जो नेटाने करतो, त्याच्या आशेला निष्क्रिय म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.