द्विउद्दिष्ट इष्टतमीकरण : पर्यायाची निवड

परस्परविरोधी दोन उद्दिष्टे एकाच वेळी साधायची असतील तर सर्वोत्तम असे एकच उत्तर सहसा मिळत नाही. पर्यायांचा एक संच हाती येतो. त्यातल्या कोणत्याही पर्यायात एक उद्दिष्ट सुधारायला गेले की दुसऱ्याला झळ बसते. विल्फ्रेडो पारेटो (१८४८–१९२३) या इटालियन अर्थशास्त्रज्ञाच्या नावावरून या संचाला पारेटो-सीमा म्हणतात. मूळ कल्पना अर्थशास्त्रज्ञ एजवर्थच्या १८८१ मधील ग्रंथातही सापडते. सीमा आखून देणे हे गणिताचे काम. तिच्यावरचा नेमका बिंदू मात्र माणसालाच उचलावा लागतो.

उदाहरणार्थ, विहिरीपासून शेतापर्यंतची पीव्हीसी पाइपलाइन. पाइप जाड घेतला तर खर्च वाढतो. बारीक घेतला तर दाब घर्षणात जातो आणि मोटारीला वीज जास्त लागते. प्रवाह तोच ठेवल्यास घर्षणामुळे होणारी घट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. भिंतीच्या जाडीतला फरक सोडून दिला आणि ९० मिमी पाइपातली घट १०० मानली, तर ११० मिमीला ती सुमारे ३७, १२५ ला १९, १४० ला ११ आणि १६० ला ६ भरते. पहिल्या पायरीला ६३ वाचले, शेवटच्या पायरीला जेमतेम ५. जिथून पुढे जादा पैशांचा मोबदला झपाट्याने आटतो, त्या वळणाला सीमेचा ‘गुडघा’ म्हणतात. खास पसंती नसेल तर बहुतेक जण तिथेच थांबतात.

पण गुडघ्यावर आंधळा भरवसा ठेवू नये. वरचेच आकडे दोन्ही अक्षांवर लॉग-मापाने मांडले तर वक्राची सरळ रेघ होते आणि गुडघा नाहीसाच होतो.

सीमेवरचे पर्याय शोधण्यासाठी दोन्ही उद्दिष्टांना भार देऊन बेरीज करणे ही सर्वांत रूढ पद्धत. सीमेचा काही भाग आतल्या बाजूला दबलेला असेल तर तिथले पर्याय, भार कितीही बदलले तरी, या पद्धतीच्या हाती लागत नाहीत. शिवाय पर्याय पाहण्याआधीच भार ठरवायचे म्हणजे भाव न विचारता सौदा करण्यासारखे. एका उद्दिष्टाला मर्यादा घालून (‘खर्च इतक्याच्या आत’) दुसरे जास्तीत जास्त साधणे हा व्यवहारात अधिक सरळ मार्ग. आधी सीमा पाहून मग निवड करायची झाल्यास उत्क्रांतीवर बेतलेले अल्गोरिदम सोयीचे पडतात, कारण ते एकाच फेरीत अनेक पर्याय देतात. त्यांपैकी सर्वाधिक वापरला जाणारा एनएसजीए-२ आयआयटी कानपूर येथे कल्याणमय देब व सहकाऱ्यांनी विकसित केला; त्यावरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध २००२ मध्ये छापून आला.