आकडा कोणत्या टोकाने फोडायचा?

'पंचवीस' हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. आधी पाच, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ५. 'एकशे पंचवीस' तर त्याहून भारी: आधी शंभर, मग पाच, मग वीस! आपल्याला याचं काही वाटत नाही, कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला नियम ठाऊक असतो. पण एका मशीनने लिहिलेला आकडा दुसऱ्या जातीच्या मशीनने वाचायचा असेल, तर नियम कोणाचा?

एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं. त्याहून मोठा आकडा तोडून दोन, चार किंवा आठ बाइट्समध्ये ठेवावा लागतो. आयबीएमच्या सिस्टिम/३६० ने (१९६४) मोठा तुकडा आधी ठेवला. इंटेलने लहान आधी. आणि डेकच्या पीडीपी-११ ने (१९७०) चक्क 'एकशे पंचवीस' केलं! म्हणजे ३२ बिटच्या आकड्याचा मोठा अर्धा भाग आधी, पण प्रत्येक अर्ध्याच्या पोटात लहान बाइट आधी. युनिक्स पीडीपी-११ वरून उलट्या क्रमाच्या मशीनवर नेताना त्याच्या नावातली अक्षरं जोडी-जोडीने उलटून 'एन-यू-एक्स-आय' झाली, असा किस्सा सांगतात. तेव्हापासून या दुखण्याला 'नक्सी प्रॉब्लेम' असं नाव पडलं.

१ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी या भांडणावर एक टिपण लिहिलं. तारखेवर जाऊ नका, मजकूर गंभीर होता. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये (१७२६) उकडलेलं अंडं कोणत्या टोकाने फोडायचं यावरून युद्ध होतं. तिथूनच त्यांनी 'बिग-एंडियन' आणि 'लिटल-एंडियन' ही नावं उचलली. म्हणणं साधं होतं: क्रम कुठलाही घ्या, पण सगळे मिळून एकच घ्या. इंटरनेटच्या प्रोटोकॉल्सनी मोठं टोक आधी घेतलं. सनने १९८७ मध्ये एक्सडीआर हे स्टँडर्ड जाहीर केलं, त्यात क्रमाबरोबर मापही ठरवून टाकलं: साधा पूर्णांक चार बाइट्स, 'हायपर' आठ बाइट्स. मशीन कुठलंही असो, पाठवताना याच साच्यात बसवायचं.

मापाचं महत्त्व पुढे कळलं. १९९२ मध्ये डेकचं ६४ बिटचं अल्फा आलं आणि मग एकेक करून सगळेच ६४ बिटवर गेले. पण सी भाषेतला 'लाँग' ६४ बिटच्या युनिक्सवर आठ बाइट्सचा झाला, विंडोजवर चारचाच राहिला. मेमरी जशीच्या तशी फाइलमध्ये ओतणाऱ्यांची पंचाईत झाली. इथे मला रूबी भाषेचं कौतुक वाटतं. तिचं 'मार्शल' आकडा बांधताना २ च्या ३० व्या घातापर्यंतच (साधारण १०७ कोटी) त्याला 'लहान' म्हणतं. लिहिणारं मशीन ६४ बिटचं असलं तरीही! त्यापुढचा आकडा 'मोठा पूर्णांक' म्हणून, तुकड्यांची संख्या सांगून लिहायचा. कारण वाचणारा ३२ बिटचा असू शकतो. पाहुण्याचं दार किती रुंद आहे हे आधी बघून सामान बांधायचं, ही खरी रीत.

मग आलं जेसन. आकडे सरळ अक्षरांत लिहिलेले, बाइट्सचा क्रम नाही की माप नाही. म्हणजे भांडण मिटलं? छे! जावास्क्रिप्टमध्ये (१९९५) सगळे आकडे ६४ बिटचे फ्लोटिंग पॉइंट. त्यात पूर्णांक बिनचूक राहण्याची हमी ५३ बिटपर्यंतच. ९००७१९९२५४७४०९९३ वाचायला द्या, हातात ९००७१९९२५४७४०९९२ येतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. २०१० मध्ये तेव्हाच्या ट्विटरने 'स्नोफ्लेक' नावाची ६४ बिटची क्रमांकपद्धत आणली, तेव्हा हे प्रकरण चव्हाट्यावर आलं. ब्राउजरमध्ये शेवटचे अंक बदलणार, म्हणजे भलत्याच ट्वीटकडे बोट. उपाय म्हणून त्यांनी तोच क्रमांक स्ट्रिंग म्हणूनही पाठवायला सुरुवात केली. २०२० मध्ये जावास्क्रिप्टला अधिकृतपणे 'बिगइंट' मिळाला, पण त्या भाषेत नेहमीच्या पद्धतीने जेसन वाचलं तर आकडे आजही फ्लोटिंग पॉइंटच होतात. गूगलचं प्रोटोबफसुद्धा जेसन लिहिताना ६४ बिटचे पूर्णांक अवतरणचिन्हांत घालतं.

नक्सी निदान डोळ्यांना दिसत होता. इथे मात्र चुकीचा आकडा अगदी खऱ्यासारखा दिसतो, आणि तो खातेक्रमांक किंवा पेशंटचा नंबर असेल तर दुसऱ्याच माणसाची नोंद उघडते. म्हणून कोड रिव्ह्यू करताना मी एकच प्रश्न विचारतो: या आकड्यांची तुम्ही कधी बेरीज करणार आहात का? नसाल, तर तो आकडा नाहीच, ते नाव आहे. नावासारखं लिहा, अक्षरांत.

बेरीज करणार असाल, तर क्रम आणि माप आधी ठरवा. अंडं मग कुठूनही फोडा!