चांद्रविजयाचा पुसला गेलेला बॅकअप

१/ परवा प्रबंधाचे प्रकरण जतन करताना संगणकाने जागा संपल्याचे कळवले. शोध घेता, जुन्या आयफोनचे चार बॅकअप डिस्क अडवून बसल्याचे आढळले. ते पुसायला हात पुढे झाला आणि नासाच्या काही फितींची कथा आठवली.

२/ २० जुलै १९६९, अमेरिकेतील रात्र. अपोलो ११चा चंद्रावरील कॅमेरा सेकंदाला १० चौकटी पाठवत होता. अमेरिकी दूरचित्रवाणीला ३० लागत. ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीक व पार्क्स आणि कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन या केंद्रांवर आलेला संकेत म्हणून रूपांतरित करूनच प्रक्षेपित झाला. त्यात चित्राची स्पष्टता घटली. जगाने पाहिली ती ही धूसर प्रत.

३/ मूळ संकेत मात्र दूरमापनाच्या चुंबकीय फितींवर नोंदवला जात होता. थेट प्रक्षेपण फसलेच, तर हाताशी काही असावे, हा त्यामागील हेतू. आजच्या भाषेत हा बॅकअपच. प्रक्षेपण यशस्वी झाले आणि या फितींची निकड संपली.

४/ पुढे नासाला कोऱ्या फितींची टंचाई भासू लागली. १९७० आणि १९८०च्या दशकांत जुन्या फिती मोठ्या संख्येने पुसून पुन्हा वापरण्यात आल्या. कित्येक वर्षांच्या शोधानंतर २००९ साली निष्कर्ष निघाला : अपोलो ११च्या त्या फितीही बहुधा यातच गेल्या. अखेर प्रक्षेपणाच्या उपलब्ध प्रती जमवून त्यांवर संस्करण करावे लागले.

५/ येथे खलनायक कोणी नाही. जागा खरोखरच हवी होती. पण ‘प्रत’ म्हणून ठेवलेली वस्तूच मूळ ऐवज होती, हे ध्यानात येईपर्यंत उशीर झाला होता.

६/ म्हणून मॅकवर फाइंडरमध्ये फोन जोडून ‘मॅनेज बॅकअप्स’ उघडावे. उपकरण आणि तारीख पाहावी. हवा तो बॅकअप बाह्य डिस्कवर अखंड उतरवावा, नको तो याच यादीतून काढावा. बॅकअपच्या फोल्डरमध्ये शिरून सुट्या फायली पुसू नयेत. तेथील सांकेतिक नावांवरून आत काय आहे ते उमगत नाही आणि एक फाईल गेली तरी सारा बॅकअप निकामी होऊ शकतो.

७/ माझ्या चारांपैकी तीन बॅकअपमधील सारे काही नव्या फोनवर होते, ते पुसले. चौथा एका रिकाम्या जुन्या फोनवर उतरवून पाहिला. त्यात आमच्या वाड्यातील मोडी कागदांची छायाचित्रे निघाली. मूळ कागद दोन पावसाळ्यांपूर्वी भिजून गेले आहेत. तो बॅकअप आता दोन बाह्य डिस्कवर आहे. एक माझ्याकडे, एक आत्याकडे.